मिक्सरची मोटर मुंगीएवढी केली तर?

गेल्या महिन्यात मावशीने एक व्हिडिओ पाठवला. खेकड्यासारखा दिसणारा इवलासा यंत्रमानव रक्तवाहिनीतून सरपटत जातो आणि आत साचलेली चरबी खरवडून काढतो. खाली लिहिलेलं, 'आता बायपासची गरज नाही.' काकांना दोन स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या, बसवलेले आहेत, त्यामुळे मावशीने लगेच फोन करून विचारलं, "हे आपल्याकडे कुठे करतात रे?" तो व्हिडिओ म्हणजे संगणकावर केलेलं ॲनिमेशन होतं. असा खेकडा आज कुठल्याच रुग्णालयात नाही, एवढं मी तिला सांगितलं. पण का नाही, हे फोनवर नीट सांगता आलं नाही, आणि खरी गंमत तर त्या 'का'मध्येच आहे.

असा खेकडा हलायचा तर त्याच्या पोटात इवलीशी मोटर हवी. आपल्या घरातल्या मिक्सरच्या मोटरीत तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असतात, काही स्थिर आणि काही फिरणाऱ्या. दोन्हींतून वीज गेली की त्या एकमेकींना ढकलतात आणि दांडा फिरतो. आता ही मोटर सगळ्या बाजूंनी दहापट लहान करा. तारेची जाडी दहापट कमी झाली, म्हणजे तिच्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपट कमी झालं. तार जळू नये म्हणून तिच्यातून वीजही शंभरपट कमीच सोडावी लागेल. दोन गुंडाळ्यांमधलं बल दोन्हींतल्या विजेच्या गुणाकारावर ठरतं. इकडे शंभरपट घट, तिकडे शंभरपट घट, म्हणजे बल दहा हजारपट कमी! लोखंडी गाभा बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब आहे. लहान वस्तू लवकर थंड होते, म्हणून विजेत थोडी सूट मिळते. एका गुंडाळीच्या जागी कायमचा चुंबक बसवला तर घट हजारपटीवर येते. तरीही आकार उतरतो त्याच्या कितीतरी पुढे ताकद उतरते. बॅटरीतली ऊर्जा तिच्या आकारमानावर अवलंबून, म्हणून तीही दहापट लहान केली की हजारपट कमी.

छोटी मोटर बनवताच येत नाही, असं मात्र नाही. 29 डिसेंबर 1959 रोजी कॅलिफोर्नियात कॅल्टेक या संस्थेत दिलेल्या व्याख्यानात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 1 इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या, म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटरच्या घनात मावणारी मोटर बनवणाऱ्याला 1000 डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं. वर्षभराच्या आत विल्यम मॅक्लेलन या अभियंत्याने सूक्ष्मदर्शक, चिमटा आणि बारीक अवजारं घेऊन ती हाताने बनवली. ती फिरलीही. पण शरीरात जाऊन काही ढकलण्याएवढा जोर तिच्यात कुठून येणार?

दुसरी वाट आपल्या गॅसच्या लायटरमध्ये आहे. त्यातल्या पिझोइलेक्ट्रिक तुकड्यावर खटका आपटला की ठिणगी पडते. हेच उलटंही घडतं, तुकड्याला वीज दिली की त्याचा आकार बदलतो. हा बदल अगदी सूक्ष्म, पण सेकंदाला हजारो वेळा घडवता येतो. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात जेम्स फ्रेंड यांच्या गटाने या तत्त्वावर पाव मिलिमीटर जाडीची मोटर दाखवली. कंपनं वर-खाली होणारी, पण मधल्या नळीवर पिळाच्या चिरा, त्यामुळे त्यांचं रूपांतर गोल फिरण्यात होतं. मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्यांत शिरता यावं, हा हेतू होता. कल्पना सुरेखच आहे. पण वीज हवीच.

आणि मग स्नायू. मुंगीचा असो वा हत्तीचा, 1 चौरस सेंटिमीटर छेदाचा स्नायू साधारण 2 ते 3 किलो वजन पेलण्याएवढा जोर लावतो. दहापट लहान केला तर ताकद फक्त शंभरपट उतरते, दहा हजारपट नाही. कारण स्नायू ही एक मोटर नाहीच, ती अब्जावधी रेणूंच्या मोटरींची रांग आहे, आणि स्नायू लहान केला तरी त्यातला रेणू लहान होत नाही.

या रेणूचं नाव मायोसिन. रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. ॲक्टिनचा तंतू ही रस्सी. मायोसिनच्या जाड तंतूतून शेकडो डोकी बाहेर आलेली असतात, हे रस्सी ओढणारे हात. एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारं रसायन, त्याचा रेणू डोक्यावर बसला की हात रस्सी सोडतो. एटीपी तुटलं की हात मागे ताणला जातो, बेचकीच्या रबरासारखा. मग तो रस्सी पुन्हा पकडतो, एटीपीचा तुटलेला तुकडा, फॉस्फेट, बाहेर पडतो, हात झटक्यात वाकतो आणि रस्सी 5 ते 10 नॅनोमीटर सरकते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नुसता हात सोडवायलाही एटीपी लागतं, हे विशेष. म्हणूनच मृत्यूनंतर काही तासांनी प्रेत ताठतं. एटीपी संपलेलं असतं आणि सगळे हात रस्सीला धरून अडकलेले असतात. त्या ताठरपणाला भुताखेतांशी जोडण्याचं काहीच कारण नाही.

ॲक्टिन-मायोसिनचा असा एक कप्पा साधारण 2 मायक्रॉन लांबीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कप्पे एकापुढे एक जोडले की आखडण्याची लांबी वाढते, शेजारी शेजारी लावले की जोर वाढतो. 1 सेंटिमीटरच्या तंतूत असे चार-पाच हजार कप्पे ओळीने बसतात. शिवाय इंधन म्हणजे आजूबाजूच्या द्रवातली साखर, म्हणजे बॅटरीचा प्रश्नच मिटला.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रशीद बशीर यांच्या गटाने छापील जेलचा छोटा सांगाडा करून त्यावर उंदराच्या स्नायूपेशींची कडी रबरबँडसारखी चढवली. विजेचा झटका दिला की हा सांगाडा पाऊल टाकायचा. पुढे त्यांनी पेशींमध्ये हिरव्या शेवाळातलं प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन घातलं, मग तो निळ्या उजेडाने चालवता येऊ लागला. पण निळा उजेड मांसातून फार आत जात नाही. प्राणवायू नुसत्या झिरपण्याने 100-200 मायक्रॉनपलीकडे पुरत नाही, म्हणून रक्तवाहिन्यांशिवाय जाड स्नायू जगत नाही. आणि परक्या पेशी दिसल्या की आपली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. कोविडच्या लशीतून सूक्ष्म यंत्रं टोचतात, या अफवेवर ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना मला एवढंच विचारायचं आहे, त्या यंत्राला ऊर्जा कोण देणार आणि ते हलणार कशाच्या जोरावर? जगातल्या उत्तम प्रयोगशाळा याच दोन प्रश्नांशी अजून झगडत आहेत. अशा अफवेपायी लस टाळलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंबरीश घोष यांच्या गटाने मोटरच शरीराबाहेर ठेवली आहे. स्क्रूसारखे पिळदार सूक्ष्म कण, त्यांत चुंबकीय पदार्थ, आणि बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र. कण फिरतात आणि पिळामुळे पुढे सरकतात. काढलेल्या दातांच्या अतिसूक्ष्म नलिकांत हे कण खोलवर नेऊन, तिथे तापवून जिवाणू मारता येतात, हे 2022 मध्ये त्यांनी दाखवलं.

त्याच वर्षी हार्वर्ड आणि एमरी विद्यापीठांनी मिळून एक मासा केला. कागद आणि जिलेटिन वगैरेंचं शरीर, आणि मानवी मूलपेशींपासून वाढवलेल्या हृदयपेशींचे दोन थर, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावा आखडला की उजवा ताणला जातो, ताणल्यामुळे तोही आखडतो, आणि मग डावा ताणला जातो. मासा शंभराहून अधिक दिवस पोहला, आणि पहिल्या महिन्यात पेशी पक्व होत गेल्या तसं त्याचं पोहणं सुधारत गेलं. हा मासा कुणाच्या रक्तवाहिनीत सोडायचा नाही. हार्वर्डच्या गटाचे प्रमुख किट पार्कर यांचं उद्दिष्ट वेगळं आहे. जन्मतः हृदयात दोष असलेल्या बाळासाठी जिवंत स्नायूंचं हृदय घडवायचं, तर पेशींचे थर एकमेकांच्या तालावर कसे चालतात हे आधी कळायला हवं. ते मासा करून बघता येतं.