वीज झाडावर पडली, मग गाय का मेली?

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला. माढा, मोहोळ भागांतली गावं पाण्यात गेलेली सगळ्या राज्यानं पाहिली, कारण पूर कॅमेऱ्यात दिसतो. वीज एकेकट्याला गाठते आणि आतल्या पानावर चार ओळींत संपते. पण देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं विजेनं मरतात आणि नैसर्गिक कारणांनी होणाऱ्या मृत्यूंच्या सरकारी आकडेवारीत सर्वात मोठा वाटा तिचाच असतो. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात घराघरानं तयारी करायची तर ती आधी विजेची करायला हवी.

दुष्काळी भागात विजा कशा, असं पुष्कळांना वाटतं. पाऊस किती पडला याच्याशी विजेचं फारसं नातं नाही, ढग किती उंच गेला याच्याशी आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन दुपारपर्यंत तापते, गरम हवा झपाट्यानं वर चढते आणि वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो. त्याच्या मधल्या थरात, उणे १० ते उणे २० अंशांत, मऊ गारा आणि बर्फाचे बारीक कण एकमेकांवर आदळतात. गारांकडे ऋण प्रभार जातो, कणांकडे धन. हलके कण वर जातात, जड गारा खाली राहतात, म्हणजे प्रभारांची फाळणी झाली. परतीच्या पावसातही हेच होतं. ढगाच्या पोटातलं हे नाट्य एवढ्यावर सोडतो, कारण माणसं आणि जनावरं मरतात ती मुख्यतः जमिनीवर पुढे जे घडतं त्यानं.

थेट अंगावर वीज पडून मरणारे शंभरात जेमतेम पाच, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. निम्म्याच्या आसपास लोकांना ती जमिनीतून गाठते.

एका विजेचा प्रवाह साधारण ३०,००० अँपिअर असतो. झाडाच्या बुंध्यातून तो मातीत उतरतो आणि चहूबाजूंनी पसरतो. बुंध्यापाशी विद्युतदाब प्रचंड, लांब जावं तसा कमी. खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीसारखा त्याचा आकार डोळ्यांपुढे आणा. शेंडा बुंध्याशी, उतार सगळीकडे, फक्त शेंड्याजवळ तो फार खडा. या उतारावर तुमचा एक पाय वर आणि एक खाली पडला, तर दोन पायांमधल्या दाबाच्या फरकानं वीज एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते.

किती फरक? शाळेतल्या ओहमच्या नियमावरून काढता येतो: मातीची रोधकता (वीज अडवण्याचा तिचा गुण) गुणिले प्रवाह, भागिले ६.२८, आणि आलेल्या आकड्याला (१ भागिले जवळच्या पायाचं अंतर, वजा १ भागिले लांबच्या पायाचं अंतर) यानं गुणायचं. रोधकता १०० ओहम-मीटर धरू. झाडापासून १० मीटरवर, अर्ध्या मीटरच्या पावलात उभ्या माणसाच्या दोन पायांत सुमारे २,३०० व्होल्टचा फरक पडतो. तीच वीज, तेच अंतर, पण गाईच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर धरलं तर ६,२०० व्होल्ट. ३ मीटरवर माणसाला साधारण २२,७०० आणि गाईला ५३,००० व्होल्ट. आकडेमोड नको असेल तर एवढंच धरा की जवळ जाल तसा धोका अंतरापेक्षा फार वेगानं वाढतो.

माणसाच्या बाबतीत हा प्रवाह एका पायातून दुसऱ्यात जातो, काळीज वर राहतं. गाईच्या बाबतीत पुढच्या आणि मागच्या पायांमधल्या वाटेवरच काळीज येतं. त्यात आपण दावं बुंध्याला बांधतो. तोंड झाडाकडे, शेपूट बाहेर, म्हणजे जनावर बरोबर उताराच्या दिशेत उभं. शेजारचं जनावर आडवं उभं असेल तर त्याच्या चारही पायांखाली जवळपास सारखाच दाब असतो आणि ते वाचू शकतं. गावात मग याचं श्रेय नशिबाला जातं.

रोधकताही सगळीकडे सारखी नसते. भिजलेली काळी माती वीज सहज वाहून नेते, तिथे रास चपटी. मुरमाड माळावर आणि कातळावर ती कित्येक पट उंच. शेळ्या-मेंढ्या चारायला आपण नेतो ते नेमके माळावरच.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत अजून टिकून आहे. जन्मताना पाय आधी आले की डोकं, याचा ढगाला काय पत्ता? ढगाला कळण्यापुरतं दिसतं ते फक्त झाड, खांब, उघड्यावर उभा माणूस. मोबाईल वीज ओढतो हेही तसंच. तारेला जोडलेल्या चार्जरचा धोका वेगळा, खिशातल्या फोनचा नाही. आणि एका खांबावर अख्खं गाव सुरक्षित, असं सांगणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच नमस्कार करा. साधा वीजरोधक खांब ढोबळमानानं आपल्या उंचीएवढ्या अंतरापर्यंतचीच जागा सांभाळतो.

वस्तीवर राहणाऱ्यांनी जनावरं बांधायची जागा मे उजाडायच्या आधीच बदलावी, एकट्या लिंबाखाली, बाभळीखाली खुंटा नको. द्राक्षमांडवाच्या आणि कुंपणाच्या तारांपासून लांब राहावं, कारण वीज एका टोकाला पडली तरी तार ती दुसऱ्या टोकापर्यंत नेते. गडगडाट सुरू झाल्यावर पंपाची मोटार बंद करायला स्टार्टरकडे धावू नये. बाजू उघड्या असलेली पत्र्याची शेड आसरा नव्हे, तशीच मोटारसायकल आणि केबिन नसलेला ट्रॅक्टर. स्लॅबचं घर किंवा काचा वर केलेली चारचाकी चालेल. घरात नळ आणि वायरिंगच्या भिंतीपासून जरा लांब बसावं.

लखलखाटानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं मोफत ‘दामिनी’ ॲप आसपास कुठे विजा पडताहेत ते दाखवतं. रानात उघड्यावर सापडलात तर झाडापासून लांब, दोन्ही पाय जोडून खाली बसा. हा खात्रीचा उपाय नाही, पण राशीवरचं तुमचं पाऊल त्यानं लहान होतं.

ज्याला झटका बसला त्याच्या अंगात वीज उरत नाही, हात लावायला भिऊ नका. काही भागांत अशा माणसाला शेणात पुरतात, त्यात नेमकी हवी ती मिनिटं जातात. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. एकाच वेळी तिघे पडले असतील तर कण्हणाऱ्याचा श्वास चालू आहे, त्याला थांबू द्या, निपचित पडलेल्याकडे आधी जा.