जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी: स्टेटमेंट ऑफ नीड, दोन वर्षांची अट आणि परतीची कागदपत्रं

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात 'मॅच'चा, म्हणजे अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या (पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणाच्या) जागावाटपाचा, निकाल लागतो, घरी पेढे येतात आणि एखादे काका हमखास विचारतात, "शिकून परत येणार ना रे?" त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "बघू, अजून खूप वेळ आहे." खरं तर तेवढा वेळ नसतो. जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर अमेरिकेत रेसिडेन्सीला जाणारा डॉक्टर परत येण्याची लेखी हमी विमानात बसायच्या आधीच भारत सरकारला देतो. ती दिल्याशिवाय व्हिसाचं काम पुढे सरकतच नाही. म्हणून 'तिकडे की इकडे' हा विचार मॅचनंतर नव्हे, अर्ज भरण्याआधीच करायला हवा.

कोण पात्र?

एमबीबीएस, यूएसएमएलई या अमेरिकी परवाना परीक्षेच्या स्टेप १ आणि स्टेप २ सीके, इंग्रजीसाठी ओईटी ही परीक्षा, आणि या सगळ्यावर मिळणारं ईसीएफएमजी या परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचं प्रमाणपत्र. स्टेप १ ला २०२२ पासून गुण नाहीत, फक्त पास किंवा नापास. त्यामुळे सारा भार स्टेप २ वर आला आहे. जे-१ साठी स्टेप ३ लागत नाही, एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी ती आधी द्यावी लागते. एच-१बीला परतीची अट नसल्यामुळे अनेकांचा डोळा तिकडे असतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ते भरून रेसिडेंट घेणारी रुग्णालयं किती असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

इथून एमडी करून गेलात तरी रेसिडेन्सी पहिल्या वर्षापासूनच करावी लागते, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा.

कागदांमध्ये आपल्याकडची नेहमीची भानगड नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मध्ये वडिलांचं नाव, पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसराच प्रकार. ईसीएफएमजीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव नोंदवा. फरक असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. मॅच झाल्यावर या धावपळीला सवड मिळत नाही.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकला असाल तर एक वर्षाच्या सेवेचा बाँड आठवतो ना? बऱ्याच जुन्या तुकड्यांच्या हमीपत्रात एमबीबीएससाठी दंडाची रक्कम १० लाख रुपये होती. पैसे भरून सुटण्याची सोय तुम्हाला आहे की नाही, हे तुमच्या प्रवेशवर्षाच्या हमीपत्रावर ठरतं. तो कागद शोधून वाचा. बाँड पुरा केल्याचा दाखला फाइलमध्ये असलेला बरा.

स्टेटमेंट ऑफ नीड

हे पत्र केंद्रीय आरोग्य मंत्रालय देतं, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नव्हे. पत्रात दोन गोष्टी असतात: भारताला या विषयातल्या डॉक्टरांची गरज आहे, आणि अमुक डॉक्टरने प्रशिक्षण संपवून परत येण्याची व त्याच विषयात काम करण्याची लेखी हमी सरकारला दिली आहे. शब्दरचना अमेरिकी नियमांनीच ठरवून दिलेली आहे, त्यामुळे गोडगोड शिफारसपत्र चालत नाही.

अर्ज मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. पासपोर्ट, पदवी, कौन्सिलची नोंदणी, ईसीएफएमजी प्रमाणपत्र, रुग्णालयाचं नेमणूकपत्र किंवा करार, आणि ठरलेल्या नमुन्यातलं हमीपत्र ही मुख्य कागदपत्रं. नमुना पोर्टलवरून त्याच दिवशी उतरवून घ्या. सीनियरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली दोन वर्षांपूर्वीची प्रत वापरू नका. करार हातात आला की त्याच आठवड्यात अर्ज टाका, कारण बहुतेक कार्यक्रम १ जुलैला सुरू होतात. त्याआधी ईसीएफएमजीकडून डीएस-२०१९ (जे-१ ची पात्रता दाखवणारा फॉर्म), सेविस या अमेरिकी नोंद प्रणालीचं शुल्क आणि वकिलातीतली मुलाखत एवढं सगळं उरकायचं असतं.

पुढे फेलोशिप, म्हणजे रेसिडेन्सीनंतरचं उपविषयातलं प्रशिक्षण, घेतली की नव्या विषयासाठी नवं स्टेटमेंट लागतं. इंटर्नल मेडिसिनसाठी घेतलेलं पत्र कार्डिऑलॉजीला चालत नाही.

आणि सात वर्षांचा हिशेब आधीच मांडा. जे-१ वर प्रशिक्षणाची कमाल मुदत तेवढीच आहे. मेडिसिनची तीन, कार्डिऑलॉजीची तीन आणि इंटरव्हेन्शनलचं एक, झाली सात. इंटरव्हेन्शनलऐवजी इलेक्ट्रोफिजिऑलॉजीची दोन घेतलीत तर आठ होतात, आणि मग मुदतवाढीसाठी मंत्रालयाकडून 'असाधारण गरज' असल्याचं वेगळं पत्र आणावं लागतं. विषय बदलायचा झाल्यास तो एकदाच, तोही पहिल्या दोन वर्षांच्या आत.

दोन वर्षांची अट

प्रशिक्षण संपल्यावर मायदेशात एकूण दोन वर्षं राहिल्याशिवाय एच-१बी नाही आणि ग्रीन कार्डही नाही. ही दोन वर्षं सलग असण्याची गरज नाही, तुकड्यांत भरली तरी चालतात. पण ती भारतातच भरावी लागतात, दुबईत किंवा लंडनमध्ये काढलेला काळ धरत नाहीत. पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा. जे-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेला जोडीदार आणि मुलंही याच अटीत बांधलेली असतात. हे घरात बहुतेक वेळा उशिरा कळतं.

"भारत सरकारकडून नोरी (परतण्याचं बंधन नसल्याचं पत्र) घेतली की सुटलो" असं अजूनही सांगितलं जातं. ते विसरा. २०११ पासून मंत्रालय डॉक्टरांना नोरी देत नाही (६५ वर्षांवरील अपवाद). शिवाय रुग्णांवर उपचार करण्याच्या प्रशिक्षणासाठी जे-१ घेतलेल्या डॉक्टरला अमेरिकेचा कायदा मायदेशाच्या ना-हरकतीवर सूट देतच नाही. खरा रस्ता या अटीतून सूट देणाऱ्या अमेरिकेच्या कॉनरॅड योजनेचा: दरवर्षी प्रत्येक राज्याला ३० जागा, आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम. इथली ग्रामीण सेवा टाळून गेलेला तिथे कॅन्ससच्या खेड्यात ती करतो. यात हसण्यासारखं काही नाही, पण गंमत आहेच.

परत यायचं तर

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी जिवंत ठेवा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी सतत वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट, हे अमेरिकेत बसून विसरणं सगळ्यात सोपं असतं.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत दिल्या जाणाऱ्या आणि तिथे प्रॅक्टिससाठी मान्य असलेल्या पदव्युत्तर अर्हता भारतात मान्य धरल्या जातात. परतल्यावर त्या अर्हतेची कौन्सिलकडे अतिरिक्त अर्हता म्हणून नोंद करून घ्यायची. नुसत्या रेसिडेन्सी पूर्ण केल्याच्या दाखल्यावर विसंबू नका. आपल्या विषयाच्या अमेरिकन बोर्डाची परीक्षा देऊन, प्रमाणपत्र हातात घेऊनच निघा. इथे प्रॅक्टिस जमवताना पुन्हा त्या परीक्षेसाठी अमेरिकेची वारी करणं महागात जातं.

वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचं असेल तर अध्यापकांचे निकष वेगळे आहेत, ते नेमणुकीआधी तपासा. स्वतःचं रुग्णालय काढायचं तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदणी, आणि सोनोग्राफी मशीन ठेवणार असाल तर पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली वेगळी. तुमच्या अमेरिकन बोर्डाकडे त्यातला कुणीही कारकून बघत नाही. त्याला कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हवा असतो.