आयर्नचा फटका कधी फॅट, कधी थिन: दोष कुठे असतो आणि तो कसा काढायचा

गोल्फमध्ये आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी) हातात घेतला की फटका धड बसत नाही, अशी तक्रार असलेल्या हौशी खेळाडूंसाठी हे पत्रक आहे. एक फटका चेंडूच्या मागे जमिनीत रुततो, माती उडते आणि चेंडू निम्म्या अंतरावरच पडतो. पुढचा फटका जमिनीला शिवतही नाही, थेट चेंडूच्या पोटावर बसतो, हाताला झिणझिण्या येतात आणि चेंडू गुडघाभर उंचीने ग्रीनच्या (भोकाभोवतालच्या आखूड गवताच्या) पार पलीकडे जातो. पहिला फॅट, दुसरा थिन. बहुतेक जण हे दोन वेगळे दोष समजतात आणि उपायही उलटसुलट करतात. फॅट बसला की अंग वर ओढायचं, थिन गेला की खाली वाकायचं. असं केलं की दोष जात तर नाहीच, उलट अंगात मुरतो.

(पुढची सगळी माहिती उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.)

दोन्हींचं मूळ एकच

क्लब चेंडूकडे गोलाईत येतो. या गोलाईत एक जागा अशी असते जिथे क्लबचं डोकं सर्वांत खाली असतं. तिला आम्ही स्विंगचा तळ म्हणतो. मधल्या आयर्नच्या चांगल्या फटक्यात हा तळ चेंडूच्या पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, साधारण ७ ते १० सेंमीवर असतो. म्हणजेच क्लब खाली उतरत असताना आधी चेंडूला लागतो, मग जमिनीला. डिव्हट (क्लबने गवत उखडून पडलेला खड्डा) चेंडूच्या जागेपासून पुढे सुरू होतो, मागे नाही.

हौशी खेळाडूचा तळ बहुतेक वेळा चेंडूच्या मागे असतो. क्लब पूर्ण खाली उतरला तर आधी जमीन खातो: फॅट. जमीन टाळण्यासाठी हात किंवा अंग जरा आखडलं तर क्लब जमिनीवरून निसटतो, पण तोवर तो वर चढायला लागलेला असतो आणि त्याची खालची धार चेंडूच्या मध्यावर आदळते: थिन. ही धार आणखी वर लागली तर चेंडू टॉप होऊन सरपटत जातो.

नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिमी असतो, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकं. तेवढ्या वेळात हाताने काही दुरुस्त करणं शक्यच नाही. फटका बसताना नेमकं काय करायचं, असं आम्हाला अनेक जण विचारतात. आमचं उत्तर असतं, त्या क्षणी काहीच नाही. जे करायचं ते उभं राहताना आणि डाऊनस्विंगच्या (क्लब खाली आणण्याच्या) सुरुवातीलाच.

तळ मागे का राहतो

सर्वांत मोठं कारण म्हणजे चेंडू उचलण्याची इच्छा. चेंडू जमिनीवर पडलेला दिसतो आणि त्याला वर उडवायचा असतो, म्हणून शरीर आपोआप मागे झुकतं आणि मनगटं क्लबला खालून पुढे ढकलतात. पण वर उडवण्याचं काम लॉफ्टचं, म्हणजे क्लबच्या फेसच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) उताराचं आहे. सात नंबरच्या आयर्नला साधारण ३० ते ३४ अंश लॉफ्ट असतो, आणि क्लब खाली येत असतानाही तेवढा उतार चेंडू हवेत चढवायला पुरतो. ड्रायव्हरची (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबची) गोष्ट वेगळी. तिथे चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) उंच ठेवलेला असतो, त्यामुळे वर चढत्या क्लबने मारलेलं चालतं. ड्रायव्हरची सवय आयर्नमध्ये आणणारे खेळाडू म्हणूनच जास्त फॅट मारतात.

या एका इच्छेतून तीन गोष्टी घडतात. वजन उजव्या पायावर राहतं. मनगटांचा कोन लवकर सुटतो आणि क्लबचं डोकं चेंडूच्या आधीच हातांना मागे टाकतं. आणि कंबर चेंडूच्या दिशेने पुढे येऊन पाठीचा कल मोडतो, मग हातांना जागा उरत नाही. याशिवाय बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) वळण्याऐवजी उजवीकडे सरकण्याची सवय असेल, तर तळही तेवढाच उजवीकडे सरकतो आणि परत येताना तेवढंच अंतर बरोब्बर भरून काढावं लागतं. रोज ते जमत नाही.

आधी तपासणी, मग उपाय

गवतावर किंवा सरावाच्या बंकरमधल्या वाळूवर लक्ष्याच्या दिशेला काटकोनात एक सरळ रेघ ओढा. चेंडू ठेवू नका. रेघ म्हणजेच चेंडू असं धरून सात नंबरचा आयर्न घ्या आणि दहा स्विंग करा. प्रत्येक वेळी रेघेला धरून थोडं सरका, म्हणजे खुणा एकमेकींत मिसळणार नाहीत. मग शांतपणे खुणा पाहा.

सगळ्या खुणा रेघेच्या मागे आणि एकमेकींच्या जवळ असतील, तर वजन किंवा उभं राहण्याची पद्धत चुकते आहे. हा सर्वांत सोपा प्रकार. खुणा कधी मागे, कधी पुढे अशा विखुरलेल्या असतील, तर शरीर आडवं सरकतं आहे. खूणच उमटत नसेल, तर कंबर उठते आहे किंवा डावा हात कोपरात दुमडतो आहे. आणि खुणा रेघेवर किंवा पुढे येत असतील, तरी चेंडू मारताना फटका चुकत असेल, तर बहुधा चेंडू दिसताच उचलण्याची इच्छा परत येते. तसं नसेल, तर दोष तळात नसून फेसवरच्या जागेत आहे. त्यासाठी व्हाईटबोर्ड मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढा आणि फटका मारल्यावर त्याचा ठसा फेसवर कुठे उमटला ते पाहा. ठसा होझेलकडे (दांडा डोक्याला जोडलेल्या जागेकडे) येत असेल तर तो शँकचा, म्हणजे चेंडू होझेलला लागण्याचा, प्रश्न आहे आणि त्याची चिकित्सा वेगळी. तेव्हा पहिल्यांदा वजन पायांच्या चवड्यांवर जातं का, ते तपासा.

रेंजवरच्या (सरावाच्या जागेवरच्या) मॅटवर ही तपासणी करू नका. मॅटवर क्लब चेंडूच्या पाच सेंमी मागे आपटला तरी घसरत पुढे येतो आणि चेंडू बऱ्यापैकी जातो. गवतावर तोच फटका फॅट असतो. रेंजवर छान आणि मैदानावर वाईट, याचं कारण पुष्कळदा फक्त एवढंच असतं. मॅटवर असे फटके मारत राहिल्याने मनगट आणि कोपरही दुखावतात. दुखायला लागलं की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा.

उभं राहणं

सात नंबरसाठी चेंडू दोन्ही टाचांच्या मधोमध असलेल्या बिंदूपासून एक चेंडूभर डावीकडे हवा. नऊ नंबर आणि वेजसाठी (त्याहून जास्त लॉफ्टच्या आयर्नसाठी) मधोमध, चार-पाच नंबरसाठी सुमारे दोन चेंडू डावीकडे. हे मोजमाप टाचांवरून घ्या, बोटांवरून नाही. डावं पाऊल बाहेर वळवलं की चेंडू आहे त्यापेक्षा मागे दिसतो, मग खेळाडू नकळत तो पुढे ठेवतो आणि तळ चेंडूपर्यंत पोहोचत नाही. सरावात चेंडूपासून पायांकडे एक काठी आडवी ठेवून बघा, डोळा किती फसवतो ते कळेल. (सामन्याच्या फेरीत मात्र स्टान्स घेण्यासाठी (पाय लावून उभं राहण्यासाठी) अशी काठी जमिनीवर ठेवणं नियमात बसत नाही.)

वजन सुरुवातीलाच किंचित डाव्या पायावर, साधारण ५५ टक्के. ग्रिपचं टोक डाव्या मांडीच्या आतल्या बाजूकडे, म्हणजे हात चेंडूच्या थोडेसे पुढे. यापेक्षा जास्त पुढे ढकलू नका, नाहीतर क्लबची धार जमिनीत घुसते. पकड दहापैकी चार इतकीच घट्ट. क्लब गच्च आवळला की मनगटं अडखळतात आणि अखेरच्या क्षणी झटका देतात.

सराव

पहिला टप्पा रेघेचा, चेंडूशिवाय. दहापैकी सात खुणा रेघेवर किंवा रेघेच्या पुढे सुरू होईपर्यंत पुढचा टप्पा घेऊ नका. ही अट कंटाळवाणी वाटते, पण ती टाळली तर पुढचे टप्पे वाया जातात असा आमचा अनुभव आहे.

दुसरा टप्पा डाव्या पायाचा. नऊ नंबर घ्या. उजवं पाऊल मागे ओढून फक्त चवड्यावर टेकवा, टाच वर. आता मागे झुकायची सोयच उरत नाही. कमरेपासून कमरेपर्यंत, अर्ध्या ताकदीने चेंडू मारा. सुरुवातीला काही थिन जातील, जाऊ द्या. शरीर तळाची नवी जागा शोधत असतं. डिव्हट अगदी पातळ आणि चेंडूच्या पुढे यायला लागला की दोन्ही पाय नेहमीसारखे ठेवून तोच अर्धा स्विंग करा. फटक्यानंतर हात कमरेच्या उंचीवर थांबवून बघा. डाव्या मनगटाची पाठ सपाट हवी. ती आत मोडलेली असेल, तर क्लबचं डोकं हातांच्या पुढे पळालं आहे.

तिसरा टप्पा नॅपकिनचा. एक पातळ हातनॅपकिन घडी न करता चेंडूच्या १५ सेंमी मागे पसरा आणि पूर्ण स्विंग करा. नॅपकिन न हलता चेंडू गेला पाहिजे. जमलं की तो १० सेंमीवर आणा. यापेक्षा जवळ आणू नका आणि जाड टॉवेल वापरू नका. चांगल्या फटक्यातही चेंडूच्या १० सेंमी मागे क्लब जमिनीपासून जेमतेम सेंटिमीटरभर वर असतो. तिथे जाड टॉवेल ठेवला तर चांगला स्विंगही अडतो, मग खेळाडू क्लब उभा आपटायला लागतो.

पूर्ण स्विंगमध्ये लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा. बॅकस्विंग संपत असतानाच, हात खाली यायच्या आधी, डाव्या टाचेवर दाब आला पाहिजे. फटका बसताना सुमारे ७५ ते ८० टक्के वजन डाव्या पायावर हवं. खात्री करायची असेल तर फटका संपल्यावर तीन सेकंद तसेच उभे राहा. उजवा पाय फक्त बोटांच्या टोकावर असेल आणि तोल न जाता तो उचलता येत असेल, तर वजन पोहोचलं. उजवा तळवा जमिनीला चिकटलेला असेल, तर नाही.

दोन सरावाचे स्विंग आणि मग एक चेंडू, असा क्रम ठेवा. टोपलीतले चेंडू भराभर मारल्याने फक्त जुनीच सवय पक्की होते.

उपाय करताना होणाऱ्या चुका

वजन डावीकडे न्यायचं म्हटल्यावर काही जण डोकं आणि छातीच चेंडूच्या पुढे नेतात. मग क्लब बाहेरून आत आणि फार उभा येतो, डिव्हट खोल पडतो, चेंडू डावीकडे खेचला जातो किंवा उजवीकडे वळतो. पुढे जायचं ते कंबरेने. छातीचं हाड साधारण चेंडूच्या वरच राहतं आणि छाती लक्ष्याकडे वळते.

दुसरी चूक म्हणजे चेंडूच उजव्या पायाकडे सरकवणं. त्याने फॅट लगेच थांबतो, म्हणून हा उपाय फार मोहात पाडतो. पण तळ जिथे होता तिथेच राहतो, चेंडूच फक्त त्याच्या मागे आलेला असतो. थोड्याच दिवसांत फटके खुजे आणि उजवीकडे जायला लागतात, ते सावरण्यासाठी मनगटं फिरवावी लागतात आणि एकाच्या जागी दोन दोष उभे राहतात.

क्लबचा दोष कधी असतो

कमी वेळा, पण असतो. क्लब तुमच्या उंचीला लांब असेल तर अंग उठवल्याशिवाय जागाच होत नाही. ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर पकड आपोआप आवळली जाते, तेव्हा ग्रिप बदलणं हाच उपाय. मऊ, ओल्या जमिनीवर खेळणाऱ्याला अरुंद सोलचा (क्लबच्या डोक्याच्या खालच्या बाजूचा) आयर्न जास्त रुततो, रुंद सोल थोडी चूक माफ करतो.

लाय अँगल, म्हणजे दांड्याचा जमिनीशी असलेला कोन, घरीही तपासता येतो. चेंडूवर मार्करने जाड रेघ काढा, ती फेसकडे आणि अगदी उभी येईल असा चेंडू ठेवा आणि फटका मारा. फेसवर उमटलेली रेघ खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक ‘टो’च्या बाजूला (दांड्यापासून लांब) झुकलं असेल तर क्लब जास्त उभा आहे, ‘हील’च्या बाजूला (दांड्याकडे) झुकलं असेल तर जास्त आडवा. एका ठशावरून निष्कर्ष काढू नका. पाच-सहा ठसे एकाच बाजूला झुकले तरच ती खूण मानावी.

तरीही फटका स्थिर होण्यापूर्वी लाय वाकवून घेऊ नका, असंच आम्ही सांगतो. कंबर उठवून मारणाऱ्याचे हात फटक्याच्या वेळी वर असतात, त्यामुळे मापही चुकीचं येतं. त्या मापाने वाकवलेला क्लब, स्विंग सुधारल्यावर पुन्हा वाकवावा लागतो. फोर्ज केलेला (ठोकून घडवलेला) आयर्न दोन अंशांपर्यंत सहसा सुरक्षित वाकतो. कास्ट केलेल्या (साच्यात ओतलेल्या) आयर्नचा धातू ताठ असतो, तो तडकू शकतो.

आमच्याकडे येताना

वापरातला सात नंबरचा आयर्न, नेहमीचे बूट आणि फोनवर घेतलेले दोन व्हिडिओ आणा. एक समोरून, फोन चेंडूच्या रेषेत आणि हातांच्या उंचीवर. दुसरा मागून, हातांच्या रेषेत, फोनचं तोंड लक्ष्याकडे. स्लो मोशन असेल तर तेच वापरा. व्हिडिओ मॅटवर नको, गवतावर घ्या, आणि त्या फटक्यांचे डिव्हट वरून टिपलेले दोन-तीन फोटोही ठेवा. फोटोत चेंडूच्या मूळ जागेशेजारी एक टी टोचलेली असू द्या. तळ चेंडूच्या मागे आहे की पुढे आणि किती, हे त्यावरून लगेच मोजता येतं.