शेवटच्या गाडीचं गणित

पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत मुळशी धरणाच्या कडेकडेने जाणारा रस्ता ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो. पावसाळा सरला की रविवारी भल्या पहाटे या रस्त्याला बाईकर्सचे क्लब लागतात. पुढे ‘लीड’, सगळ्यात मागे ‘स्वीप’ आणि मध्ये आठ-दहा गाड्या. माणगावला पोटपूजा करायची आणि दुपारी घरी परत. वाटेत चहाला थांबल्यावर लीडला विचारा, तो सांगेल, “मी साठच्या वर गेलोच नाही.” शेवटून दुसरा म्हणेल, “मी ऐंशीने हाणतोय, तरी तुम्ही दिसत नाही!” दोघंही खरं सांगत असतात. माझ्या मते घाटातल्या ग्रुप राईडचा खरा धोका या दोन वाक्यांच्या मध्ये आहे आणि तो साध्या गुणाकाराने समजतो.

समजा, दहा गाड्या आहेत आणि दर दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर आहे. म्हणजे शेवटची गाडी लीडच्या १८ सेकंद मागे. हेअरपिनवर, म्हणजे जवळपास उलटं फिरवणाऱ्या तीव्र वळणावर, सगळे ताशी २५ किलोमीटरने चाललेत, तेव्हा या १८ सेकंदांची लांबी होते १२५ मीटर. पुढे सरळ पट्टा लागला आणि सगळे ६० वर गेले, की तेच १८ सेकंद ३०० मीटर होतात. कुणीही मागे पडलेलं नाही. प्रत्येक जण प्रत्येक ठिकाणी पुढच्याच्याच वेगाने गेला. फक्त ताफा ताणला गेला.

पण मागच्याला हे असं दिसत नाही. तो अजून वळणातच असतो आणि पुढची गाडी सुसाट निघून जाते. तिचा लाल दिवा लहान होत जातो, पुढच्या डोंगराआड दिसेनासाही होतो. ‘आपण सुटलो’ असं वाटतं आणि मूठ पिळली जाते. शाळेच्या प्रभातफेरीत पुढची मुलं रमतगमत चालतात आणि मागच्यांना मध्येच पळावं लागतं, तसंच हे. मीटरमधलं अंतर कायम राखायचा हट्ट धरला, की मागच्याने पुढच्यापेक्षा जास्त वेगाने जाणं अटळच होतं. वाढलेला हा वेग घेऊन तो पुढच्या वळणावर पोचतो.

तिथे उलटा खेळ सुरू होतो. लीड हलकेच ब्रेक लावतो. दुसऱ्याला ते कळून हात हलायला जवळपास सेकंद जातो, म्हणून तो थोडा जास्त जोरात लावतो. तिसरा त्याहून जास्त. जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे फार स्वच्छ दिसलं. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी सोडल्या आणि सगळ्यांना ताशी ३० किलोमीटरने जायला सांगितलं. ना सिग्नल, ना खड्डा, ना अरुंद पूल. तरी थोड्याच वेळात काही गाड्या पूर्ण थांबू लागल्या आणि ती कोंडी ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत राहिली. पुढच्याच्या वेगातला बारीकसा चढउतार मागे जाताना मोठा होत गेला होता. घाटातल्या ताफ्यात या लाटेचं शेवटचं टोक नेमकं वळणाच्या तोंडाशी येतं.

वळणावर जास्तीच्या वेगाची किंमत काय? ३० मीटर त्रिज्येचं वळण घेऊ. ताशी ४० ने ते घ्यायचं तर टायरना गाडीच्या एकूण वजनाच्या ४२ टक्के इतका आडवा जोर लावावा लागतो. हेच आपलं शाळेतलं अभिकेंद्री बल. गाडी साधारण २३ अंश झोपवावी लागते. ५० ने गेलात तर ६६ टक्के आणि ३३ अंश. वेग सव्वापट झाला, पण टायरकडची मागणी दीडपटीहून जास्त वाढली, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ६० ला ती ९४ टक्के होते. कोरडं, चांगलं डांबर साधारण ८० टक्क्यांपर्यंत साथ देतं असं धरलं, तर ६० चा हिशेब तिथे बसतच नाही. शिवाय क्रूझर, म्हणजे बुटकी, लांब बाईक असेल तर ३० अंशांच्या आसपासच फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) रस्त्याला घासू लागतो. म्हणजे लीडकडे स्पोर्ट्स बाईक आणि मागे क्रूझर असेल, तर पुढच्याने आरामात घेतलेलं वळण मागच्याला त्याच वेगाने घेता येईलच असं नाही.

हा सगळा जोर पेलतं किती रबर? स्वारासकट २५० किलोची गाडी आणि टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल, तर दोन्ही टायर मिळून रस्त्याला टेकतात जेमतेम १२० चौरस सेंटिमीटर.

आणि ते नेहमी स्वच्छ डांबरावरच टेकतात असंही नाही. ताम्हिणीसारख्या घाटात वळणाच्या आतल्या काठाकडे नीट बघा. ट्रकची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, साइडपट्टीवर उतरतात आणि तिथली माती, खडी डांबरावर ओढून आणतात. पावसाळ्यातल्या ओहोळांनी आणलेला चुरा त्यात मिसळतो. त्या जागी डांबराचा रंग किंचित फिका, पिठूळ दिसतो. लीडला तो दिसतो, तो पाय बाहेर काढून खूण करतो. मागचा दोन सेकंदांवर असेल तर ताशी ४० च्या वेगात त्याच्याकडे २२ मीटर असतात. खूण बघायला आणि रेषा बदलायला तेवढे पुरतात. शेपटीला चिकटलेल्याला मात्र पुढच्याची नंबर प्लेटच दिसते.

नजरेचा मुद्दा तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी १९९४ मध्ये चालकांच्या नजरेची नोंद घेतली. वळणात शिरण्याच्या एक-दोन सेकंद आधीपासून नजर वळणाच्या आतल्या काठावरच्या एका बिंदूवर खिळते आणि त्यावरून हातांना कळतं, किती वळायचं. ताफ्यात ही जागा पुढच्या गाडीचा लाल दिवा बळकावतो. मग आपण रस्त्याचं वळण न घेता पुढच्याचं वळण घेऊ लागतो. तो चुकला की आपणही चुकतो.

वेग जास्त झाल्याचं अर्ध्या वळणात कळलं, की घाबरून पुढचा ब्रेक दाबला जातो. झोपलेली गाडी त्याने उभी होऊ पाहते आणि बाहेरच्या बाजूला सरकते. डावं वळण असेल तर थेट समोरून येणाऱ्या एसटीच्या अंगावर. खरं तर पन्नासच्या वेगातसुद्धा कोरड्या डांबरावर टायरकडे थोडी पकड शिल्लक होती; धीर आधी संपला. अशा वेळी आतल्या बाजूचं हँडल हलकेच पुढे ढकललं की गाडी आणखी झोपते आणि वळण आवळतं. सायकलचं दुकान चालवणाऱ्या, विमानवाल्या राईट बंधूंपैकी विल्बर यांनी हँडल उलटीकडे वळवून गाडी वळवायची ही गंमत शंभरेक वर्षांपूर्वीच हेरली होती.

उजव्या वळणाचा धोका वेगळा. मधल्या पट्ट्याला लागून गाडी ३५ अंश झोपवली, तर चाकं आपल्या बाजूला राहतात, पण स्वाराचं डोकं जवळपास ८५ सेंटिमीटर पलीकडे, समोरच्याच्या लेनमध्ये जातं. म्हणून सरळ रस्त्यावर डावी-उजवी अशी नागमोडी रांग ठीक आहे. घाट लागला की एकामागे एक, आणि प्रत्येकाला आपल्या लेनची पूर्ण रुंदी वापरायची मोकळीक.

अंतर सेकंदांत मोजायचं. पुढची गाडी एखाद्या किलोमीटरच्या दगडापाशी गेली की आकडे म्हणायचे. आपण दोनच्या आधी तिथे पोचलो तर जवळ आहोत. चार-पाच झाले तरी काही बिघडत नाही. नवख्यांना लीडच्या लगेच मागे ठेवायचं, कारण वेगाची लाट तिथे सगळ्यात लहान असते. अनुभवी माणूस शेवटी. आणि हेअरपिनमधून बाहेर पडल्या पडल्या लीडने मूठ पिळायची नाही. त्याने सावकाश वेग धरला तर ताफा कमी ताणला जातो.

तरीही मागचा पळतो तो चुकामूक होण्याच्या भीतीने. परदेशातल्या अनेक क्लबांनी यावर काढलेला उपाय आपल्याकडेही सहज चालेल. फाटा आला की लीडच्या मागचा स्वार तिथे थांबतो, सगळ्यांना दिशा दाखवतो आणि स्वीप आला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. घाटाखालच्या विळे गावात एक रस्ता निजामपूर-माणगावकडे आणि दुसरा कोलाडकडे जातो. तिथे आपलं माणूस उभं असणार हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो पुढचा दिवा दिसेनासा झाला तरी आपल्याच वेगाने घाट उतरतो.