नियंत्रण (वैद्यक)

रोग, त्याचे लक्षण किंवा शरीरातील एखादे माप ठरावीक मर्यादेत राखणे. यासाठी उपचार चालूच ठेवावे लागतात, म्हणून रोगमुक्तीहून हा अर्थ वेगळा. मधुमेहात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप (एचबीएवनसी) बहुतेक प्रौढांत ७ टक्क्यांखाली असावे, असा सर्वसाधारण निकष आहे. बोलीत मात्र ‘साखर आटोक्यात आली’ याचा अर्थ ‘गोळी सुटली’ असा सर्रास घेतला जातो.

शब्दाची व्युत्पत्ती वादाची आहे. धातुपाठात (संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत) ‘यत्रि संकोचने’, म्हणजे आवळणे, असा स्वतंत्र धातू येतो. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ ‘यम्’ (आवरणे) पासून ‘यंत्र’ व त्यावरून नामधातू (नामापासून बनलेले क्रियापद) असा क्रम लावतात, आणि तो अधिक ग्राह्य वाटतो. दोन्ही मतांत आवळून धरण्याचा भाव कायम आहे. ‘कंट्रोल’ हा इंग्रजी शब्द वेगळ्या वाटेने आला: मध्ययुगीन लॅटिन ‘कोंत्रारोतुलुस’ म्हणजे हिशेब पडताळण्याची दुसरी प्रत. औषधचाचणीतील ‘नियंत्रण गट’ (ज्याच्याशी तुलना करून औषधाचा परिणाम पडताळतात तो गट) या पडताळ्याच्या अर्थाचा आहे. मराठी प्रतिशब्दाने दोन्ही अर्थ एकाच दावणीला बांधले. ‘तुलनागट’ हा पर्याय बरा.

आयुर्वेदातील ‘याप्य’ ही संज्ञा पहिल्या अर्थाच्या जवळ जाते. उपचार चालू असेपर्यंतच थोपून राहणारा रोग तो याप्य. सुश्रुतसंहितेत त्याला पडू लागलेल्या घराला दिलेल्या टेकूची उपमा आहे. पावसाळ्यात मातीच्या भिंतीला टेकू लावणाऱ्या कोकणात ती समजावून सांगावी लागू नये. चरकाने पित्तज प्रमेह (पित्तदोषाने होणारे लघवीचे विकार) याप्य मानले आहेत.

सार्वजनिक आरोग्यात नियंत्रण म्हणजे रोगाचे प्रमाण सोसवेल इतके खाली आणणे. निर्मूलन ही त्यापुढची पायरी. ही पायरी घाईने चढल्याचे उदाहरण हिवतापाचे: १९५३ चा राष्ट्रीय ‘नियंत्रण’ कार्यक्रम १९५८ मध्ये ‘निर्मूलन’ झाला, १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली, आणि पुढे कीटकजन्य रोगांच्या एकत्रित कार्यक्रमाच्या नावात ‘नियंत्रण’ परतले.

सिंधुदुर्गातील माकडतापाबाबत (गोचिडीच्या चाव्याने माकडांना व माणसांना होणारा विषाणूचा ताप) तर निर्मूलनाची भाषाच लागू होत नाही, कारण विषाणू रानातील गोचिडींत व लहान प्राण्यांत टिकून राहतो. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये साथ आली. तेथे नियंत्रण म्हणजे काजूबागेत शिरण्यापूर्वी अंगाला गोचीडरोधक तेल लावणे आणि मेलेले माकड दिसताच आरोग्य केंद्राला कळवणे.