प्रोस्टेट कॅन्सरच्या जेनेटिक रिपोर्टमध्ये 'ईस्ट एशियन' लिहिलंय? आधी हे वाचा

बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आलेले बरेच जण विचारतात की एशियन लोकांना प्रोस्टेट कॅन्सर कमी होतो म्हणे, मग आपल्याला टेन्शन नाही ना? तर रिपोर्टमधले ईस्ट एशियन म्हणजे जपान, चीन, कोरियाकडचे लोक, आपण त्यात येत नाही. तरीपण तिकडच्या अभ्यासातून आपल्या कामाचं बरंच कळतं.

जपान-चीनमध्ये हा कॅन्सर युरोप-अमेरिकेपेक्षा कमी सापडतो हे खरंय, पण सगळं श्रेय जीन्सला, म्हणजे अनुवंशिकतेला देऊ नका, कारण तेच जपानी लोक हवाई आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झाले तेव्हा त्यांच्यात प्रमाण जपानपेक्षा वाढलेलं दिसलं, आता त्यात खाणंपिणं आलं, राहणीमान आलं आणि तिकडे तपासण्याही जास्त होतात. जीन्सचा वाटा आहेच. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात डीएनएमधल्या २६९ जागांवरून रिस्कचा स्कोअर काढला, त्यात ईस्ट एशियन पुरुषांची सरासरी रिस्क युरोपियनांच्या ०.७३ पट आली. पण ही सरासरी झाली, एखाद्या घरातली रिस्क यावरून कळत नाही. आणि त्या अभ्यासात युरोपियन, आफ्रिकन, ईस्ट एशियन, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकेकडचे) असे चार गट होते, भारतीयांचा गटच नव्हता! त्यामुळे असा स्कोअर आपल्याला जसाच्या तसा लावणं आम्हाला पटत नाही.

एचओएक्सबी१३ या जीनचंच बघा. युरोपियन घराण्यांमध्ये याच्या प्रोटीनमध्ये ८४ व्या जागी ग्लायसीन जाऊन ग्लुटामिक ॲसिड येतं (दोन्ही प्रोटीनचे छोटे घटक) आणि रिस्क वाढते. चिनी पेशंटमध्ये तोच बदल १३५ व्या जागी सापडला, जपानी पेशंटमध्ये १३२ व्या. जीन एकच, बदलही तसाच, जागा मात्र वेगळी, म्हणजे फक्त ८४ वी जागा बघणारी टेस्ट जपानी माणसाला निगेटिव्ह सांगणार आणि तो बिचारा निर्धास्त राहणार. म्हणून स्वस्तातली एका जागेची टेस्ट आम्ही कोणाला सुचवत नाही, पूर्ण जीन वाचणारी करा.

जपानमध्ये ७,६३६ पेशंट आणि हा कॅन्सर नसलेले १२,३६६ जण तपासले, तेव्हा ठरावीक आठ जीन्समधले घातक बदल पेशंटमध्ये २.९ टक्के आणि बाकीच्यांत ०.८ टक्के निघाले. सगळ्यात ठळक होता बीआरसीए२, मग एचओएक्सबी१३ आणि एटीएम ही जीन्स. बीआरसीए२ म्हटलं की लोकांना बायकांचा ब्रेस्ट कॅन्सर आठवतो, पण या जीनमधला बदल आईकडून मुलाकडेही येतो, म्हणून फॅमिली हिस्टरी सांगताना फक्त वडील-काका नको, आजी, मावशी, आत्या सगळ्यांचं सांगा, कोणाला ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालाय आणि कितव्या वर्षी, तेही. बीआरसीए२ मधला घातक बदल निघाला तर साधारण चाळिशीपासून पीएसए तपासणीबद्दल (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) युरोलॉजिस्टशी, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

अजून एक गोंधळ नेहमी होतो. चीनमधल्या २०८ पेशंटच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या गाठी तपासल्या त्यात ४१ टक्के गाठींमध्ये एफओएक्सए१ जीन बदललेला होता, पण तो बदल गाठीत नंतर तयार झालेला असतो, मुलाला जात नाही. वडिलांच्या गाठीचा रिपोर्ट आणि रक्त किंवा लाळेतून केलेला अनुवंशिक रिपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, येताना दोन्ही आणा.

टेस्ट निगेटिव्ह आली तरी लघवीला त्रास किंवा रक्त दिसत असेल तर आमच्याकडे नको, सरळ डॉक्टरकडे जा, डीएनए टेस्टने कॅन्सर आहे की नाही ते कळत नाही.