शिधादान (इंदूर)

शिधादान : शिजवलेल्या अन्नाऐवजी स्वयंपाकाचे कोरडे जिन्नस गरजू घराला देण्याची रीत. कणीक-तांदूळ, डाळ, तेल, गूळ, मीठ, हळद-तिखट हे शिध्याचे नेहमीचे घटक. इंदूरच्या मराठी घरांतून संक्रांत, पितृपक्ष, अधिक मास अशा निमित्ताने शिधा निघतो. अहिल्याबाई होळकरांच्या (कारकीर्द १७६७–९५) अन्नछत्रांत तयार जेवण मिळे. शिध्यात मात्र चूल शिधा घेणाऱ्याची असते, चवही त्याच्याच घरची. अमेरिकेत फिनिक्स येथे जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये अन्नपेढी (फूड बँक, म्हणजे दान आलेले अन्न साठवून गरजूंना पोचवणारी संस्था) सुरू केली. तिथल्या अशा पेढ्यांचा माल वस्तीतल्या वाटप केंद्रांतून घरोघरी जातो, त्यामागचा विचारही हाच.

काय द्यावे, हा यातला कळीचा प्रश्न. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार (२०१३) प्राधान्य गटातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे मुख्यतः गहू-तांदूळ. तरीही दात्याचा हात आधी कणकेच्या पोत्याकडेच जातो. उणीव असते ती डाळीची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार-ताटात (दिवसभरात काय किती खावे याच्या नमुन्यात) माणशी रोज ८५ ग्रॅम कडधान्ये-डाळी सांगितल्या आहेत. चार प्रौढांच्या घराला महिन्याला सुमारे १० किलो. म्हणून शिध्यात मूग, मसूर, तूर, हरभरा यांचा वाटा मोठा असावा. मूगडाळ आणि मसूर लवकर शिजतात, इंधन वाचते. राजमा-छोल्यांना कुकर आणि वेळ दोन्ही लागतात. शेंगदाणे, तीळ, गूळ, पोहे ही उत्तम भर. बेसन सुटे घेण्यापेक्षा डाळ द्यावी, कारण बेसनात लाखेच्या डाळीची भेसळ होऊ शकते आणि ती सतत खाल्ल्यास पाय लुळे पडतात.

माळवा सोयाबीनचा प्रदेश, राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थाही इंदुरातच. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, पण कच्च्या दाण्यातील काही घटक प्रथिनांचे पचन रोखतात. दाणा नीट शिजवावाच लागतो. शिध्यात सोयाबडी सोयीची : ती गरम पाण्यात फुगते आणि रश्श्यात चालते. ब-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतिजन्य शिध्यातून मिळत नाही. त्यासाठी दुधाची सोय वेगळी करावी लागते.

सियागंजच्या घाऊक किराणा बाजारातून एकत्र खरेदी केली की तेवढ्याच पैशांत जास्त घरांना शिधा देता येतो. दळलेली बाजरी, ज्वारी लवकर खवट होते, तेव्हा ती अख्खीच द्यावी. तेल सीलबंद असावे, पाकिटावरची तारीख पाहावी. घरातले जुने, कीड लागलेले धान्य शिधा म्हणून देऊ नये. झाबुआ, अलीराजपूरकडून बांधकामावर आलेल्या मजूर कुटुंबांजवळ चूल असते. त्यांना शिधा खऱ्या अर्थाने उपयोगी. रुग्णालयाबाहेर मुक्काम करणाऱ्या नातेवाइकांना तो देऊन उपयोग नाही, त्यांना गरम जेवणच हवे.